हनुवटीखालचा रंग

आमच्या घरात एकही भांडं धड नव्हतं. वडील भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात बफिंगला होते. फिरत्या चाकावर ताट धरायचं आणि त्यात तोंड दिसेपर्यंत घासायचं, हे त्यांचं काम. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा दात आणि डोळे तेवढे पांढरे दिसायचे, बाकी सगळा माणूस काळा. लाइट गेली की चाक बंद, चाक बंद की त्या दिवसाची मजुरी बुडाली. पोचा आलेली, कड वाकलेली, बाद झालेली ताटं शेठ कामगारांना देऊन टाकायचा. आम्ही त्यातच जेवलो. आई वाढताना ताट फिरवून ठेवायची, म्हणजे आमटी पोच्याकडे वाहत जायची नाही. दुसऱ्यांच्या घरी चकाकणारी भांडी माझ्या बापाच्या हातची आहेत हे मला फार उशिरा कळलं.

त्या घरातला मी पहिला पदवीधर. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. पण माझ्या पदवीची जाहिरात माझ्यापेक्षा जास्त दुसऱ्याच एका माणसाने केली. हरेश्वर म्हात्रे, भाईंदरजवळच्या मुर्धा गावचे. गाळ्यातून भांडी उचलून बाजारात पोचवणारा टेम्पो त्यांचा होता, त्यामुळे वडिलांशी त्यांची जुनी ओळख. ते मला कुठेही भेटले की शेजारच्या माणसाला, मग तो वडापाववाला असो की ट्रॅफिक हवालदार, सांगायचे, "ह्यो आपल्या बफिंगवाल्याचा पोर. बीकॉम हाय." हवालदार मान हलवायचा. मी ताठ उभा राहायचो.

नोकरी लागली, लग्न झालं आणि आम्ही भाईंदरमध्येच, इंद्रलोक वस्तीत, वन रूम किचन घेतलं. सामान हलवायला हरेशदादांचाच टेम्पो. मी पुढे त्यांच्या बाजूला बसलो आणि सीटच्या मागे, गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लांब माझ्या पाठीला टोचायला लागलं. गोधडी सरकवली तर आत गिटार. चार जाड तारा, आणि रंग हिरवागार. पोपटी नव्हे, शेवाळी नव्हे, दोन्हीच्या मधला, ब्रशचे फटकारे दिसणारा, कडेने पिवळी पट्टी मारलेला. कॉलेजात असताना मी एका मित्राचा बेस, म्हणजे अशीच चार तारांची खर्जातली गिटार, उसना घेऊन वर्षभर वाजवला होता, पुढे सगळं राहून गेलं होतं. तरीही मला एवढं कळत होतं की असा रंग कुठल्याच कंपनीत लागत नाही.

मी विचारलं, ही कुठली?

"राईची," दादा म्हणाले आणि गिअर टाकला.

राई म्हणजे मुर्ध्याच्या शेजारचं गाव. तिथे खाडीत होड्या आहेत, गिटारीचा कारखाना नाही. मला वाटलं थट्टा करतायत. ती थट्टा नव्हती.

मुर्ध्यातल्या एका बेंजो पार्टीत दादा बेस वाजवायचे. हळदी, वराती, गणपती, देवीची पालखी, सगळीकडे. पुढे बेंजोवाला, त्याच्याभोवती नाचणारी पोरं, ऑक्टोपॅडवाला घामाघूम, आणि सगळ्यात मागे, स्पीकरच्या गाडीला टेकून, मान खाली घातलेले हरेशदादा. लोक बेंजोवाल्यावरून नोटा ओवाळायचे, त्याच्याबरोबर फोटो काढायचे. दादांकडे कुणी बघायचंही नाही. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. म्हणायचे, "लोकांच्या पायात काय वाजतंय त्ये लोकांना म्हाईत नसतं. बरं हाय. म्हाईत झालं तर पाय चुकतील."

माझ्या बायकोने, मनीषाने, एक दिवस मला सरळ सांगितलं की एक तरी वस्तू स्वतःसाठी घे, सतत हिशोब करणाऱ्या नवऱ्याचा कंटाळा आलाय. मी बेस घेतला. काळा, साधा. आणि दादांनी मला परेशभाईंच्या माळ्यावर नेलं.

परेशभाईंचं इंद्रलोकमध्येच प्लायवूड आणि लॅमिनेटचं दुकान. रविवारी शटर अर्धं खाली, आणि वरच्या पोटमाळ्यावर, लॅमिनेटच्या नमुन्यांच्या ढिगात, बेसवाल्यांची बैठक. एक परेशभाई, एक उत्तनच्या चर्चमध्ये वाजवणारा आल्विन, जो शाळेत पीटी शिकवायचा, एक दादा आणि एक मी. चार बेस एकत्र वाजवले तर चार म्हशी एकदम हंबरल्यासारखं होतं. म्हणून आम्ही वाजवायचो कमी आणि बोलायचो फार.

बोलायचो काय, तर कुठलं लाकूड, कुठली तार, आणि मुख्य म्हणजे फिनिश, लाकडावरची शेवटची झिलई. परेशभाईंचा धंदाच तो. मॅट, ग्लॉस, सॅटिन, आणि मधे पिवळा नि कडेला तांबडा-काळा होत जाणारा सनबर्स्ट, ज्याचं नाव घेताना त्यांचा आवाज हळू व्हायचा. त्यांच्या स्वतःच्या घरी चार बेस होते, त्या चारींना त्यांनी स्वतः उभं राहून पॉलिश करून घेतलं होतं. दादांच्या बेसकडे बघून त्यांना शारीरिक त्रास व्हायचा.

"दादा, ये बोट का ऑइल पेंट है," ते म्हणायचे. "एवढा जाड थर. लाकडाला श्वासच घेता येत नाही."

"होडीनं श्वास घेतला तर बुडंल ना परेशभाय," दादा म्हणायचे.

फिनिश संपला की विषय बायकांवर यायचा. हे मला आधी विचित्र वाटलं, मग कळलं की सगळ्याच हौशी लोकांचं असं असतं. हौस परवडते ती घरातल्या दुसऱ्या माणसामुळे. परेशभाईंची बायको जिग्नाबेन. नवीन बेस घरात आला की ती कधी भांडली नाही, फक्त विचारायची की कुठल्या भिंतीवर, म्हणजे तिथला फोटो काढते. आल्विनची बायको चर्चच्या गायकांत होती, तो घरी सराव करत असला की स्वयंपाकघरातून ओरडायची, "घाई करतोयस, मासे जळतायत का तुझे?" मनीषाचं मी सांगितलंच. प्रत्येक जण आपापलं सांगायचा आणि मग सगळे दादांकडे बघायचे. कारण त्यांची गोष्ट सगळ्यांना पाठ होती आणि तरी पुन्हा ऐकायची होती.

गोष्ट अशी. लग्नाला थोडीच वर्षं झालेली. दादांचा बेस तेव्हा मूळच्या तपकिरी रंगाचा, पण गाडीवर आपटून आपटून पोपडे निघालेला. पार्टीच्या मालकाने एका मोठ्या घरच्या हळदीत सांगितलं, हे भंगार घेऊन लांब मागे उभा राहा, फोटोत येऊ नको. दादांनी घरी येऊन हे सांगितलं, जेवले आणि विसरले. कुसुमवहिनी विसरल्या नाहीत. त्यांचं माहेर राईचं. घरची होडी. नारळी पौर्णिमेआधी होडी सुकीला, कोरड्या जमिनीवर, ओढायची, खरवडायची, नवा रंग द्यायचा, कडेला पट्टी मारायची आणि मग पूजा, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. जुनी वस्तू रंगवली की ती पुन्हा पाण्यात उतरायला तयार, एवढंच त्यांना ठाऊक. दादा टेम्पोवर गेल्यावर त्यांनी माहेरून उरलेला रंग आणला आणि बेस रंगवला. तारा सुतळीने बाजूला बांधल्या. लाकूड रंगवलं, त्यावरची प्लास्टिकची पाटी रंगवली, आवाज कमीजास्त करायची बटणंसुद्धा रंगवली. मग मधोमध हळदकुंकू लावून पाटावर ठेवला.

"मी आलो," दादा सांगायचे. "ती दारात उभी. काय बोलंना. मी बगितला. बोललो, मस्त झालाय. ती बोलली, आवाज बगा ना. लावला मशीनला. बटन फिरवाया गेलो तर फिरंना. रंगात चिकटलेला. फुल्लवर."

तेव्हापासून तो बेस फुल्लवरच होता. जोर लावला असता तर बटण सुटलं असतं; आल्विनने कितीदा तरी हात पुढे केला आणि दादांनी त्या हातावर चापट मारली. आवाज कमी करायचा तर बोटाने कमी करायचा. म्हणून दादांची बोटं तारेला अशी लागायची, जशी आपण झोपलेल्या बाळाच्या अंगावरची माशी उडवतो. आल्विन म्हणायचा, दादाच्या गाडीला ब्रेक नाही, नुसता ड्रायव्हर आहे.

त्यांची आणखी एक सवय होती. मशीनला, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला, न लावता वाजवायचे तेव्हा बेसच्या अंगाला वर जे शिंगासारखं टोक असतं त्यावर हनुवटी टेकवायचे आणि डोळे मिटायचे. तारेचा आवाज लाकडातून जबड्यात येतो आणि तिथून डोक्यात. बाहेरच्याला काही ऐकू येत नाही, वाजवणाऱ्याच्या डोक्यात मात्र देऊळ घुमतं. मी करून पाहिलंय, खरं आहे. पण त्या हनुवटीने शिंगावरचा रंग झिजायचा, एक रुपयाच्या नाण्याएवढं लाकूड उघडं पडायचं. कुसुमवहिनी दरवर्षी श्रावणात, भावाची होडी रंगवून झाली की, उरलेल्या रंगाची वाटी घेऊन यायच्या आणि तेवढा डाग भरून द्यायच्या. रंग दरवर्षी थोडा वेगळा. त्यामुळे त्या जागी हिरव्यावर हिरवा, त्यावर तिसरा हिरवा असा उंचवटा झाला होता. दादा त्यावर अंगठा फिरवायचे, बोलता बोलता, आपल्याला न कळत.

वहिनींना मी लांबूनच ओळखत होतो. वाजवणं असेल तिथे त्या असायच्या. नाचायच्या नाहीत, पुढे यायच्या नाहीत. जनरेटरच्या बाजूला, पदर डोक्यावर घेऊन उभ्या. सगळी गर्दी बेंजोकडे बघायची आणि त्या एकट्या बेसकडे. मला वाटायचं नवऱ्यावर लक्ष ठेवतायत. पुढे दादांनीच सांगितलं, "एवढ्या गर्दीत एकच मानूस माज्याकडं बगायचं. एक बास होतं."

त्या गेल्या. आजार मोठा होता आणि वेळ थोडा मिळाला, एवढंच लिहितो.

दादांनी बेंजो पार्टी सोडली. टेम्पो भाच्याला दिला. रविवारी माळ्यावर यायचे, गोधडीत गुंडाळलेला बेस मांडीवर घ्यायचे आणि गोधडी सोडायचे नाहीत. आम्ही लाकडाबद्दल, तारांबद्दल बोलत राहायचो. बायकांचा विषय आम्ही काढेनासे झालो, आणि तो टाळतोय हे त्यांना कळतंय हे आम्हालाही कळत होतं. मग ते यायचेच थांबले.

मी एका संध्याकाळी मुर्ध्याला गेलो. त्यांच्या कौलारू घराच्या दोन्ही बाजूंना टॉवरचे खांब उठले होते, मधे ते घर दोन मोठ्या माणसांमध्ये अवघडून बसल्यासारखं. आत टीव्ही मोठ्याने चालू. वहिनी बघायच्या ती मालिका. दादा खाटेवर बसलेले, हनुवटी शिंगावर, आणि मालिकेच्या संगीताखाली बेस वाजवत होते. सासू रडायला लागली की बोट तारेवर तसंच ठेवून खाली एक लांब स्वर धरायचे. जाहिरात लागली की थांबायचे. मी बराच वेळ दारात उभा होतो.

मला बघून त्यांनी टीव्ही बारीक केला. पाणी दिलं. "बेस एकट्यानं वाजवायची चीज न्हाय," ते म्हणाले. "एकट्याचा ऐकलास तर फोनवरच्या एका बाजूचं बोलनं ऐकल्यावानी. हां, बरं, मग, अच्छा. समोरचा काय बोलतोय त्ये कलतच न्हाय. म्हनून हिला लावतो," आणि त्यांनी टीव्हीकडे बोट केलं.

शिंगावरचं लाकूड आता नाण्याएवढं राहिलं नव्हतं, तळहाताएवढं झालं होतं. श्रावण येऊन गेला होता.

त्याच सुमारास त्यांच्या पुतणीचं, रोशनीचं, लग्न ठरलं. त्या पोरीने सगळ्या भावकीसमोर सांगितलं, "काका वाजवनार नसंल तर मी हलद लावून घेनार न्हाय." लोक हसले, ती हसली नाही. दादांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. बेस घेऊन ते थेट परेशभाईंकडे आले. आम्ही माळ्यावर होतोच. गोधडी सोडून त्यांनी बेस टेबलावर ठेवला, आणि शांतपणे म्हणाले, "तुमी कवापासून बोलता ना. घासून टाका. काय पायजे तो कलर मारा."

परेशभाईंना हे ऐकून आनंद झाला, मनापासून. वर्षानुवर्षं त्यांच्या डोळ्यांत खुपत असलेलं काम. त्यांना वाटलं, नवा सनबर्स्ट बघून माणूस पुन्हा उभा राहील. आल्विनने माझ्याकडे पाहिलं. दादा जिना उतरून गेले, आणि हातात काही नसल्यामुळे ते हात कुठे ठेवावेत हे त्यांना समजत नव्हतं.

पुढचं परेशभाईंनीच आम्हाला सांगितलं. बेस त्यांनी घरी नेला, तारा काढल्या, पॉलिशवाल्याला सकाळी बोलावलं. जिग्नाबेन चहा घेऊन आल्या आणि टेबलापाशी थांबल्या. त्यांनी दादांच्या बायकोला कधी पाहिलं नव्हतं, तिची गोष्टही धड माहीत नव्हती. त्यांनी तो शिंगावरचा उंचवटा पाहिला, उरलेले थर, एकावर एक. विचारलं, हे कोणी केलं? परेशभाईंनी सांगितलं, त्यांची बायको दरवर्षी टचअप करायची. जिग्नाबेन म्हणाल्या, "अने तमे आ घसी नाखशो?" आणि हे तुम्ही घासून टाकणार? एवढंच. चहा ठेवला आणि गेल्या. पॉलिशवाला आला तसा परत गेला.

परेशभाई रंगांच्या नमुन्यांची शेडकार्डं घेऊन बसले. तो हिरवा कुठल्याच कार्डात सापडेना, कारण तो एक हिरवा नव्हताच. शेवटी बेस स्कूटरवर पुढे उभा धरून हा माणूस राईला गेला, विचारत विचारत वहिनींच्या भावाचं घर शोधलं आणि यंदाचा उरलेला रंग मागितला. भावाने डबा दिला. रंग निळा होता. बहीण गेल्यावर हिरवा लावावासा वाटला नाही, असं तो म्हणाला.

आम्ही तिघे मुर्ध्याला गेलो. परेशभाईंनी बेस खाटेवर ठेवला, जसा होता तसा, नुसत्या नव्या तारा चढवून. बाजूला डबा. त्यांना बरंच बोलायचं होतं बहुतेक, पण तोंडातून निघालं ते असं, "दादा, हे काम मला जमणार नाही. माफ करा."

दादा डब्याकडे बघत राहिले. झाकण चिकटलं होतं, चमच्याच्या टोकाने उघडलं. वर साय धरली होती, ती बाजूला केली.

"निला हाय," ते म्हणाले.

परेशभाईंनी भावाचं म्हणणं सांगितलं.

"तिला निला आवडत नव्हता." मग चमचा झाकणावर ठेवत, "भावाला काय सांगनार. त्याची होडी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हळद होती. दादांनी जन्मात ब्रश हातात धरला नव्हता. तळहाताएवढ्या त्या जागेवर त्यांनी इतका रंग थापला की तो खाली ओघळला आणि पिवळ्या पट्टीवर आला. आल्विन फडकं घेऊन पुढे झाला, दादांनी मानेनेच नको म्हटलं. रंगाचं बोट त्यांनी लुंगीला पुसलं आणि बटणाकडे पाहिलं. ते तसंच होतं, फुल्लवर.

हळदीला मी मनीषाला घेऊन गेलो. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. परेशभाई आणि जिग्नाबेन आधीच आले होते, आल्विन बायकोसह. बेंजोवाला समोर, रोशनी पाटावर पिवळीधमक, बायका गाणी म्हणतायत, आणि मागे स्पीकरला टेकून, पांढऱ्या शर्टात, हरेशदादा. सुरू करण्याआधी सवयीने त्यांनी हनुवटी शिंगावर टेकवली, डोळे मिटले. वर उचलली तेव्हा हनुवटीवर निळा डाग. रंग एवढा जाड लागला होता की वाळलाच नव्हता. सगळा मांडव हळदीने पिवळा झालेला आणि त्यात हा एकटा माणूस निळ्या हनुवटीचा. दोन पोरांनी त्यांच्याकडे बोट दाखवून हसून घेतलं. दादांनी पुसलं नाही.

आम्ही ठरवल्यासारखे, न ठरवता, जनरेटरच्या बाजूला जाऊन उभे राहिलो. निदान आम्ही तरी बेसकडे बघू, असं प्रत्येकाच्या मनात असणार. दादांनी आम्हाला पाहिलं. वाजवता वाजवताच बेसची मान डावीकडे किंचित हलवली. पहिल्यांदा आम्हाला कळलं नाही. त्यांनी पुन्हा हलवली. जिग्नाबेनना कळलं; एव्हाना परेशभाईंनी वहिनींची गोष्ट त्यांना सांगितली होती. त्यांनी परेशभाईंचा हात धरला आणि आम्हाला सगळ्यांना थोडं बाजूला सरकवलं.

जनरेटरच्या शेजारी एका माणसापुरती जागा रिकामी राहिली. एवढ्या गर्दीतही तिथे कुणी येऊन उभं राहिलं नाही, किंवा आम्ही येऊ दिलं नसेल. दादा शेवटपर्यंत तिकडेच बघत होते.

हळद संपल्यावर आम्ही त्यांना घरी सोडायला निघालो. ते नको म्हणाले. निघताना मात्र बेंजोवाल्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "बीकॉम हाय." मग गोधडी खांद्यावर घेतली, दोन टॉवरच्या मधल्या गल्लीत शिरले, आणि गोधडीतून बाहेर राहिलेलं ते निळं शिंग वळणापर्यंत दिसत होतं. पुढे घर बिल्डरला दिलं. आता ते लग्न होऊन पेणला गेलेल्या लेकीकडे असतात. फोनवर बोलतात, फारसं नाही. हां, बरं, अच्छा.

रोशनीच्या हळदीत हरेशदादांनी पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत बेस वाजवला. एकही गाणं सोडलं नाही.